खेळयंत्रे आणि त्यांची जकात

व्हिडिओ गेमचा कन्सोल विकत घ्यावयास निघालेल्या गृहस्थास दुकानात जो आकडा सांगितला जातो तो खोटा नसतो. परंतु त्या आकड्यावर विसंबून घरखर्चाचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत झाल्यावाचून राहत नाही, कारण यंत्राचे मोल आणि यंत्र वापरात ठेवण्याचे मोल या दोन निरनिराळ्या रकमा असून त्यांपैकी पहिलीच तेवढी जाहिरातीत ठळक छापली जाते. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीस आला, तेव्हा डिस्क चालविणाऱ्या नमुन्याची किंमत ४९,९९० रुपये होती. खोक्यात कंट्रोलर एकच होता. घरात दोन भावंडे असली की दुसऱ्या कंट्रोलरचे ५,९९० रुपये, दोन्ही कंट्रोलर चार्ज करावयाच्या स्टँडचे २,५९०, हेडसेटचे ८,५९०, आणि ‘डेमन्स सोल्स’सारख्या एका नव्या गेमचे ४,९९९ रुपये मिळवले म्हणजे बेरीज ७२,१५९ रुपयांवर जाते, अर्थात खोक्यावरील किमतीपेक्षा २२,१६९ रुपये अधिक.

या बेरजेत सगळेच सारखे दोषास्पद आहे असे मात्र नाही. स्टँड नसला तरी साध्या केबलने कंट्रोलर चार्ज होतो, आणि घरातला कोणताही साधा वायरचा हेडफोन त्या कंट्रोलरला लावता येतो. तेव्हा हा खर्च हौसेचा आहे आणि हौसेस मोल पडते याबद्दल कोणी तक्रार करू नये. दुसऱ्या कंट्रोलरची गोष्ट निराळी आहे. ज्या कुटुंबाकडे आधीचा प्लेस्टेशन ४ होता त्याच्याकडे सुस्थितीतील कंट्रोलरही होते. ते नव्या यंत्राशी जोडले जातात, त्यावर जुने गेम बिनतक्रार खेळू देतात, पण नवा गेम सुरू केला की यंत्र त्यांस नाकारते. मायक्रोसॉफ्टने त्याच सुमारास आणलेल्या एक्सबॉक्सच्या नव्या पिढीवर जुने कंट्रोलर नव्या गेमांसाठीही चालतात. नव्या कंट्रोलरमध्ये सूक्ष्म कंपने व ताण देणारी कळ या नव्या सोयी आहेत हे खरे. परंतु त्या सोयींशिवाय खेळू इच्छिणाऱ्यास तो मार्ग मोकळा ठेवला असता तर कोणाचे काय बिघडले असते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. हौस आणि सक्ती यांमधील हीच सीमारेषा या संपूर्ण विषयाची किल्ली आहे असे माझे मत आहे, आणि पुढील आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

ही सक्ती का निर्माण होते, याचे मूळ या धंद्याच्या जमाखर्चात आहे. २००६ साली प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ५९९ डॉलरला विकला जात असता, यंत्र उकलून सुट्या भागांचा हिशेब करणाऱ्या आयसप्लाय या संस्थेने त्याच्या निर्मितीखर्चाचा अंदाज ८४० डॉलरच्या घरात सांगितला होता. पुढे २०२१ साली एपिक आणि ॲपल यांच्यातील खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्षीत असे सांगितले की, एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीत कंपनीस कधीही नफा झालेला नाही. यंत्र तोट्यात विकावयाचे, आणि ती तूट गेमांवरील हिश्शातून, वार्षिक वर्गणीतून व जोडसाहित्यातून भरून काढावयाची, अशी ही योजना आहे. पूर्वी पेठेत येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात घेतली जाई. येथेही यंत्राकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर, म्हणजे गेमची खाच, साठवणीची खाच, कंट्रोलरची जोडणी आणि इंटरनेटचा मार्ग यांवर, कंपनीने आपला नाका बसविलेला असतो. फरक एवढाच की सरकारी जकातीचे दर दरपत्रकात लावलेले असत आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय असे. या खासगी नाक्यांची वसुली वस्तूच्या किमतीतच मिसळलेली असल्यामुळे ग्राहकास ती वेगळी दिसतच नाही.

या नाक्यांचा इतिहास निन्टेन्डोपासून सांगावा लागतो. १९७७ सालच्या अटारी यंत्राचा नऊ पिनांचा प्लग इतका साधा व उघडा होता की पुढे कित्येक वर्षे इतर कंपन्यांच्या घरगुती संगणकांवर आणि सेगाच्या यंत्रांवरही तीच जोडणी चालत आली. परंतु त्याच मोकळेपणाचा दुसरा परिणाम असा झाला की वाटेल त्याने वाटेल तसे गेम काढले आणि १९८३ साली अमेरिकेतील हा बाजार पार कोसळला. दोन वर्षांनी निन्टेन्डो तेथे उतरली ती कुलूप घेऊनच. यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप बसविलेली असे. दोघींचा संवाद जुळला नाही तर यंत्र दर सेकंदास पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत राही आणि पडदा लुकलुकू लागे. परवानाधारकांनी वर्षास पाचच गेम काढावेत अशी अट होती, आणि त्यांच्या कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत. दर्जा राखण्यासाठी हे आवश्यक होते ही कंपनीची कैफियत सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. पण कुलपाचा जाच अपराध्यापेक्षा निरपराध्यासच अधिक झाला: यंत्रातील बहात्तर पिनांची खाच काही काळाने सैल होई, चिपांचा संवाद तुटे, आणि दाम मोजून आणलेली अस्सल कॅसेटही पडदा लुकलुकवीत बसे.

आपल्याकडे त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, जी ‘टीव्ही गेम’ची यंत्रे घरोघरी आली ती निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या, आणि त्या मूळ जपानी यंत्रात ही कुलपाची चिप नव्हतीच. म्हणून पुण्यातल्या एका दुकानातली कॅसेट नाशिकच्या मावसभावाकडील निराळ्या नावाच्या यंत्रात खुशाल चालत असे, आणि मुले ती सुट्टीत आपसात अदलाबदल करीत. कायद्याच्या दृष्टीने त्या मालाचे समर्थन करता येणार नाही. तरी एका यंत्राचे साहित्य दुसऱ्यात चालणे ही यंत्रशास्त्राची अडचण नसून निव्वळ इच्छेचा प्रश्न आहे, हे त्या पिढीने नकळत अनुभवले होते.

साठवणीच्या साहित्याकडे वळले म्हणजे हा विषय सर्वांत स्पष्टपणे उलगडतो, आणि म्हणून त्यावर थोडे थांबणे इष्ट आहे. २००५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत दोन रूपांत आला. स्वस्त रूप २९९.९९ डॉलरचे, महाग रूप ३९९.९९ डॉलरचे. स्वस्त रूपात खेळाची प्रगती नोंदवून ठेवावयास काहीच जागा नव्हती. म्हणजे मुलाने संध्याकाळभर खेळून जे मिळवले ते यंत्र बंद करताच नाहीसे व्हावे. ते टिकवावयाचे तर ६४ एमबीचे छोटे साधन ३९.९९ डॉलरला, नाहीतर २० जीबीची हार्ड डिस्क ९९.९९ डॉलरला घ्यावी लागे. ज्याने काटकसर म्हणून स्वस्त यंत्र नेले आणि मागाहून हार्ड डिस्क घेतली त्याने एकूण ३९९.९८ डॉलर मोजले, म्हणजे महाग रूपापेक्षा एक सेंट कमी, आणि तरीही त्यास बिनतारी कंट्रोलर व हेडसेट मिळाले नाहीत ते नाहीतच. बिनतारी इंटरनेटचे साधन दोन्ही रूपांत नव्हते. त्याचे आणखी ९९.९९ डॉलर, आणि इतरांशी इंटरनेटवरून खेळावयाचे तर वर्षाची वर्गणी ४९.९९ डॉलर. त्या हार्ड डिस्कच्या प्लॅस्टिकच्या आवरणाआत लॅपटॉपला लागते तशीच सर्वसाधारण डिस्क होती. पुढच्याच वर्षी आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये बाजारातील कोणतीही तशी डिस्क ग्राहकाने स्वतः बसवावी अशी सोय होती, यावरून या आवरणाचे प्रयोजन काय होते ते ध्यानात येईल. आणि २००९ साली मायक्रोसॉफ्टने यंत्राची आज्ञावली अद्ययावत करून इतर उत्पादकांची साठवणसाधने निरुपयोगी करून टाकली. लोकांनी रोख पैसे देऊन घेतलेली वस्तू, त्यांच्याच घरात, दूरवरच्या एका हुकुमाने बंद पडली.

परंतु ज्या सोनीचे हे उदाहरण मी अनुकूल म्हणून दिले, तिनेच पाच वर्षांनी उलट टोक गाठले. हातात धरून खेळावयाचा प्लेस्टेशन व्हिटा २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला. या यंत्राचे मेमरी कार्ड बोटाच्या नखाएवढे, दिसावयास मोबाइलमधील मायक्रोएसडी कार्डासारखे. पण मोबाइलचे कार्ड त्या खाचेत बसत नसे आणि व्हिटाचे कार्ड जगातील दुसऱ्या कोणत्याही उपकरणात चालत नसे. ४ जीबीच्या कार्डास १९.९९ डॉलर, ८ जीबीस २९.९९, १६ जीबीस ५९.९९ आणि ३२ जीबीस ९९.९९ डॉलर असे दर होते. म्हणजे मोठे कार्ड घेणाऱ्याने यंत्राच्या किमतीच्या दोन पंचमांश रक्कम नखाएवढ्या तुकड्यावर खर्च करावी, आणि तीही त्या काळी मोबाइलच्या तेवढ्याच क्षमतेच्या कार्डास किती तरी कमी दाम पडत असता. चोरटे गेम चालू नयेत हा हेतू त्यामागे सांगितला गेला. प्रत्यक्षात कुतूहल असलेल्या लोकांनी काही वर्षांत यंत्राची आज्ञावली उघडली, गेमच्या खाचेत साधे मायक्रोएसडी बसवावयाचा लहानसा अडॅप्टर निघाला, आणि कुलूप फोडणारास जे स्वस्तात मिळाले तेच सरळमार्गी ग्राहकास शेवटपर्यंत महागात घ्यावे लागले. २०१९ साली व्हिटाचे उत्पादन थांबले. त्या कार्डांना आज दुसरा उपयोग नाही, आणि ज्यांचे कार्ड बिघडते त्यांना जुन्या बाजारात शोध घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

या अनुभवातून काही धडा घेतला गेला असावा, कारण प्लेस्टेशन ५ मध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून संगणकासाठी मिळणारी सर्वसाधारण एसएसडी बसविता येऊ लागली, आणि वेगवेगळ्या उत्पादकांतील चुरशीचा लाभ ग्राहकाच्या पदरात पडला. त्याच पिढीच्या एक्सबॉक्सने मात्र वेगळ्या घडणीचे कार्ड पत्करले. प्रारंभी ते सीगेट या एकाच कंपनीचे होते आणि १ टीबीची किंमत २१९.९९ डॉलर होती. २०२३ साली दुसरा उत्पादक येताच दर खाली आले. निन्टेन्डोच्या २०२५ सालच्या स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस जातीचेच कार्ड लागते. हे प्रमाण खुले आहे, एका कंपनीच्या मालकीचे नाही, आणि त्याचा वेग खरोखरच अधिक आहे, म्हणून त्यास व्हिटाच्या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. परंतु जुन्या स्विचसाठी घेतलेली मोठी कार्डे नव्या यंत्रात गेम साठवू शकत नाहीत, हे घेणाऱ्यास आधी ठाऊक असले पाहिजे.

याच यंत्रासंबंधी आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. स्विचचे दोन छोटे कंट्रोलर ज्या ग्रिपमध्ये बसवून एका मोठ्या कंट्रोलरप्रमाणे धरता येतात ती ग्रिप खोक्यात मिळते, पण ती त्यांस चार्ज करीत नाही. चार्ज करणारी, दिसावयास जवळजवळ तशीच ग्रिप वेगळी विकत घ्यावी लागते. २०१७ च्या पहिल्या स्विचची हीच रीत होती आणि २०२५ च्या दुसऱ्याची हीच राहिली.

कंट्रोलरचा विषय निघाला म्हणजे ‘ड्रिफ्ट’ची व्यथा टाळता येत नाही. अंगठ्याने फिरवावयाच्या स्टिकखाली दोन लहान पोटेन्शिओमीटर असतात. त्यांत कार्बनच्या पट्टीवरून धातूचा एक बारीक स्पर्शक घासत जातो, आणि तो कोठे आहे यावरून यंत्रास अंगठ्याची दिशा कळते. घासणारी वस्तू झिजणारच. पट्टी झिजली, तिचा भुगा साचला, म्हणजे अंगठा बाजूला असताही यंत्रास वाटते की स्टिक ढकलली जात आहे, आणि पडद्यावरील माणूस आपोआप भिंतीकडे चालू लागतो. चुंबकीय क्षेत्र ओळखणारे, न घासणारे संवेदक यास उत्तम पर्याय आहेत, आणि ते नवीनही नाहीत: सेगाच्या १९९८ सालच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते होते. तरीही तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये झिजणाराच भाग टिकून आहे. निन्टेन्डोवर या दोषापायी अमेरिकेत दावे दाखल झाले, आणि २०२० च्या जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. अमेरिकेतील ग्राहकांस या दोषाची दुरुस्ती विनामूल्य मिळू लागली. भारतात स्विचची अधिकृत विक्रीच नाही. व्यापाऱ्यांनी परदेशातून आणलेला माल घेणाऱ्यास हमी कोणाची आणि दाद कोठे मागावयाची हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी सोल्डरिंगचे हत्यार घेऊन बसलेल्या एखाद्या कसबी कारागिराकडेच मिळते. झिजलेली स्टिक सहज बदलता येईल असा कंट्रोलर बनविणे अशक्य नाही, हे सोनीने स्वतःच सिद्ध केले आहे: २०२३ च्या जानेवारीत आलेल्या डुअलसेन्स एजमध्ये स्टिकचा संपूर्ण भाग हाताने काढता-घालता येतो आणि तो सुटा १९.९९ डॉलरला मिळतो. मात्र त्या कंट्रोलरची किंमत १९९.९९ डॉलर आहे. टिकाऊपणा ही वस्तूची मूलभूत पात्रता असावयास हवी. येथे ती श्रीमंतांच्या नमुन्याची शोभा झाली आहे, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप याच गोष्टीस आहे.

जोडसाहित्याचा आणखी एक खर्च असा की कंपनीचे लक्ष उडाले म्हणजे ते अकाली मरते. सेगाने १९९४ साली आपल्या जुन्या यंत्राची शक्ती वाढविणारे ३२एक्स हे साधन सुमारे १६० डॉलरला विकले, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच सॅटर्न हा नवा कन्सोल अमेरिकेत आणून त्याचा प्रपंच आटोपला. ज्यांनी मूळ यंत्र, सीडीचे जोडयंत्र आणि ३२एक्स अशी तिन्ही एकत्र जोडली त्यांच्याकडे भिंतीत खुपसावयाचे तीन वेगवेगळे ॲडॉप्टर मात्र उरले. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली किनेक्ट हा कॅमेरा एक्सबॉक्स वनबरोबर सक्तीने दिला, त्यामुळे यंत्र ४९९ डॉलरचे झाले. वर्ष पुरे होण्याआधी त्याशिवायचे यंत्र ३९९ डॉलरला विकण्याची पाळी आली, आणि २०१७ साली किनेक्टचे उत्पादनच बंद झाले. २०२३ सालचा प्लेस्टेशन व्हीआर २ हा शिरोपट ५४९.९९ डॉलरचा होता, म्हणजे तो ज्या कन्सोलला जोडावयाचा त्याहूनही महाग, आणि पहिल्या शिरोपटासाठी घेतलेले गेम त्यावर चालत नाहीत.

अपंग खेळाडूंच्या बाबतीत हा प्रश्न पैशापलीकडे जातो. ज्याच्या हाताची बोटे चालत नाहीत त्यास नेहमीचा कंट्रोलर निरुपयोगी असतो. पायाने, कोपराने, हनुवटीने दाबावयाची बटणे त्याच्यासाठी वेगळी जोडावी लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ९९.९९ डॉलरचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, त्यावर साध्या हेडफोनच्या पिनेची खाच देऊन कोणाही उत्पादकाचे बटण जोडण्याची मुभा ठेवली, आणि हे कार्य खरोखर गौरवास पात्र आहे. तथापि ती बटणे पदरमोड करूनच घ्यावी लागतात. लॉजिटेकचा त्यांचा संच आणखी ९९.९९ डॉलरचा. आणि याच मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या नोव्हेंबरात परवाना नसलेले कंट्रोलर व अडॅप्टर यंत्रावर बंद करण्याचा नियम अंमलात आणला, सूचनेची मुदत दोन आठवड्यांची. खेळात लबाडी करणाऱ्यांस आळा घालणे हा त्यामागील हेतू मान्य केला तरी, ज्याने स्वतःच्या शरीराच्या मर्यादेनुसार निरनिराळी साधने जोडून कशीबशी व्यवस्था लावली होती त्याच्यापुढे पुनश्च पहिल्यापासून खर्च करण्याचे संकट उभे राहिले.

कायद्याची स्थिती विषम आहे. १९९२ साली सेगा आणि ॲकोलेड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने असा निवाडा दिला की, यंत्राशी जुळणारे गेम बनविण्यासाठी त्याची आज्ञावली उकलून पाहणे हा न्याय्य वापर होय. सहाच वर्षांनी तेथील नव्या कॉपीराइट कायद्याने डिजिटल कुलूप तोडणेच बेकायदा ठरविले. २०१८ साली अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना इशारापत्रे पाठविली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट व निन्टेन्डो या तिन्ही होत्या. विशिष्ट भाग व विशिष्ट दुरुस्ती वापरली नाही तर हमी रद्द होईल असे ग्राहकास सांगणे योग्य नव्हे, असा त्या पत्रांचा आशय होता. परंतु कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीहक्काचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला तेव्हा व्हिडिओ गेमचे कन्सोल त्यातून वगळलेले होते. डिस्क ड्राइव्ह मूळ बोर्डाशी अशी बांधलेली असते की दुसऱ्या यंत्रातील चांगली ड्राइव्ह काढून बसविली तरी ती चालत नाही. प्लेस्टेशन ५ च्या नव्या नमुन्यांत वेगळी विकत घ्यावयाची ड्राइव्हदेखील प्रथम जोडताना इंटरनेटवरून कंपनीची संमती मागते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२१ साली केवळ ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरते हे कुलूप उघडण्याची सवलत दिली, पण त्यासाठी लागणारी साधने बनवून इतरांस विकण्याची मोकळीक त्यात नाही, म्हणून ती सवलत सामान्य माणसाच्या हाती पडत नाही.

आपल्याकडे २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च दरात घातले गेले. अशा महाग वस्तूचे आयुष्य वाढावे ही गरज म्हणूनच येथे अधिक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीहक्काचे जे पोर्टल सुरू केले त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे घेतली आहेत. त्यांत कन्सोलचा नावानिशी समावेश व्हावा. स्टिक, बॅटरी व डिस्क ड्राइव्ह हे भाग सुटे मिळतील की नाहीत, किती वर्षे मिळतील आणि कोणत्या दरात, हे विक्रेत्याने विक्रीपूर्वी लेखी सांगावे. आणि जुने कोणते साहित्य नव्या यंत्रात चालणार नाही याची यादी खोक्याच्या बाहेरच्या बाजूस, किमतीच्या शेजारी, मराठीसह त्या त्या प्रांताच्या भाषेत छापली जावी.